बाळंतिणीच्या उशाशी



पहिल्या शमुवेलाच्या चौथ्या अध्यायात, अगदी शेवटी, एक बाळंतीण आहे. शास्त्रात तिचं नाव दिलेलं नाही. ती एली याजकाची सून, फिनहासाची बायको. दिवस भरलेले असतानाच लढाईची बातमी येते. कराराचा कोश पलिष्ट्यांनी नेला, सासरा गेला, नवरा गेला. ते ऐकताच तिला कळा सुरू होतात आणि मूल होतं. उशाशी उभ्या असलेल्या बायका तिला धीर देतात, घाबरू नकोस, मुलगा झालाय. पण ती त्यांना उत्तर देत नाही, त्यांच्या बोलण्याकडे लक्षही देत नाही. बाळाचं नाव ईखाबोद ठेवते आणि जाते.

हा उतारा मंडळीत बहुधा कोशाबद्दल आणि देवाच्या गौरवाबद्दल समजावला जातो, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या भगिनी मंडळात तो वाचला गेला तेव्हा आमच्यातल्या एक निवृत्त परिचारिका त्या बायकांच्या वाक्यापाशी थांबल्या. त्यांचं अर्धं आयुष्य बाळंतिणींच्या वॉर्डात गेलेलं. त्या म्हणाल्या, "त्या बायका काही वाईट नव्हत्या गं. आपणही हेच बोलतो. बाळ धडधाकट आहे, मग रडायचं कशाला?" फिनहासाची बायको मरणाच्या दारात होती, तिचं दुःख वेगळं होतं, तिला आजच्या आजाराचं नाव आम्ही चिकटवत नाही. पण उशाशी उभ्या राहिलेल्यांचं ते वाक्य आजचंच आहे. हैदराबादेत ते आम्ही तीन भाषांत ऐकलं आहे.

त्या दिवसापासून हे काम सुरू झालं. आम्ही म्हणजे इथल्या छोट्या मराठी मंडळीतल्या सहा-सात जणी. हैदराबादेत मराठी ख्रिस्ती माणसं कुठून आली, असं पुण्याकडचे पाहुणे विचारतात. १९५६ पर्यंत सगळा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता हे ते विसरतात. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, ते निजामाच्याच मुलुखात. आमच्यातल्या दोघींचे पणजोबा त्या भागातले. बाकीच्या लग्न करून किंवा नोकरीसाठी इकडे आल्या. घरात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत तेलुगू, अशी आमची जीभ आहे. या कामात तिचाच सगळ्यांत जास्त उपयोग झाला.

काम साधं आहे. सातव्या-आठव्या महिन्यातल्या गरोदर बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना शनिवारी दुपारी एकत्र बसवायचं आणि बाळंतपणानंतर मन आजारी पडू शकतं, ते कसं ओळखायचं, आधी काय तयारी करायची, हे सांगायचं. नंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात घरी जाऊन भेटायचं. येणाऱ्यांत मुस्लिम घरच्या मुली आहेत, तेलुगू दलित ख्रिस्ती आहेत, नांदेड-लातूरकडून मजुरीसाठी आलेली मराठी बौद्ध कुटुंबं आहेत. सगळ्या या ना त्या अर्थानं इथं अल्पसंख्य. वर्ग चर्चमध्ये घेत नाही. एका भगिनीच्या घराचा खालचा हॉल मिळतो, तिथं बसतो. पत्रकं वाटत नाही, कुणाला न विचारता प्रार्थना करत नाही. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतो, कारण हल्ली तो संशय आधी येतो आणि एकदा आला की गल्लीची दारं बंद होतात. एका आजींनी उलट आम्हालाच विचारलं, "दुआ तो करते ना तुम लोगां? फिर करो, चुप कायकू बैठे?" मग त्यांच्या पद्धतीनं त्यांनी केली, आमच्या पद्धतीनं आम्ही केली.

हा आजार किती जणींना होतो? २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मासिकात भारतातल्या ३८ अभ्यासांची एकत्र मोजणी प्रसिद्ध झाली. त्यात २०,०४३ आया होत्या आणि २२ टक्के जणींना बाळंतपणानंतरचं नैराश्य आढळलं, म्हणजे पाचांतली एक. आपल्या मंडळीत वर्षाला दहा बाळांचे बाप्तिस्मे होत असतील, तर हिशेब ज्याचा त्यानं करावा. त्याआधी २००२ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या आयांचा अभ्यास मांडला होता. तिथं हे प्रमाण २३ टक्के निघालं, आणि त्यांतल्या बहुतेक जणी गरोदरपणातच मनानं खचलेल्या होत्या. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी न जमणं, मारहाण, मुलगा हवा असताना मुलगी होणं, ही कारणं त्या अभ्यासात दिसली. आपल्याला यातलं काहीही नवीन नाही. नवीन एवढंच, की याचा परिणाम दुखण्यात होतो आणि ते दुखणं मोजता येतं, हे कुणीतरी कागदावर मांडलं.

वर्गात पहिली अडचण शब्दांची आली. "प्रसूतिपश्चात नैराश्य" म्हटलं की समोरच्या बायका पाळकांचं लांबलेलं प्रवचन ऐकावं तशा बघतात. लोकांकडे शब्द आहेत, पण ते भुताखेतांचे. मराठी बायका म्हणतात, वारं लागलं, बाहेरचं झालं. तेलुगू बायका म्हणतात, गालि सोकिंदि, तेही वारंच. उर्दू घरांत असर झाला किंवा नजर लागली. तिन्हीकडे वाराच दोषी, ही गंमत आम्ही वर्गात सांगतो तेव्हा सगळ्या हसतात आणि बोलायला लागतात. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळावं म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आपल्या शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली. त्यांची आठवण काढून आम्हीही साधा शब्द शोधला. मराठीत आम्ही म्हणतो, "बाळंतिणीचं मन आजारी पडणं." दखनीत एका मुलीनंच सुचवलं, "जच्चा का दिल नै लगना." तेलुगूत बाळंतिणीला बालिंत म्हणतात, आपल्याच शब्दाची बहीण वाटावी असा शब्द; त्यापुढे "मनसु बागालेदु" जोडलं की काम भागतं.

मग फरक सांगतो. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड होणं, मन हळवं होणं हे निम्म्याहून जास्त आयांना होतं. गरोदरपणी शरीरात वाढलेली संप्रेरकं वार पडल्यावर थोड्याच दिवसांत झपाट्यानं उतरतात, त्यात रक्त गेलेलं असतं, झोप नसते. हे दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला औषध नको, माणसं हवीत. पण दोन आठवडे उलटले आणि उदासी तशीच आहे किंवा वाढते आहे, बाळ झोपलं तरी आईला झोप नाही, जेवण जात नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही किंवा सारखी भीती वाटते, मी वाईट आई आहे असं घोकणं चालू आहे, तर ते आजारपण आहे. कधीकधी ते चौथ्या-पाचव्या महिन्यातही सुरू होतं. याहून निराळा आणि दुर्मिळ आजार हजारात एक-दोघींना होतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच बाई झोपेनाशी होते, भलतंच दिसू-ऐकू लागतं, असंबद्ध बोलते, बाळाबद्दल विचित्र समजुती धरते. तेव्हा वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ही तिसरी गोष्ट सांगताना हॉल एकदम शांत होतो, आणि दर खेपेला कुणीतरी हळूच म्हणतं, आमच्या आत्याला असंच झालं होतं, तिला साखळीनं बांधलं होतं.

एडिंबरोच्या डॉक्टरांनी १९८७ साली दहा प्रश्नांची एक यादी केली, ती जगभर वापरतात. मागच्या सात दिवसांत हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, धडधड होते का, असे साधे प्रश्न. आमच्याकडे अनेक जणींना वाचता येत नाही, म्हणून आम्ही कागद पुढे करत नाही. चहा पिताना गप्पांसारखं विचारतो, आणि त्यातून आजार ठरवत नाही, ते डॉक्टरांचं काम. आम्हाला फक्त "हिला दाखवायला हवं" एवढं कळायला पाहिजे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तो विचारायला आम्ही सगळ्याच घाबरत होतो. विचारल्यानं मनात नसलेलं मनात येईल, अशी समजूत सगळीकडे आहे. ती खरी नाही, असं मानसोपचाराच्या एका डॉक्टरबाईंनी आम्हाला दोन तास बसवून शिकवलं. उलट बहुतेक जणींना कुणीतरी विचारल्याचं हायसं वाटतं.

आता चाळीस दिवसांबद्दल. मुस्लिम घरांत चिल्ला, आपल्याकडे सव्वा महिना. लूककृत शुभवर्तमानात मरीया बाळाला घेऊन मंदिरात गेली ती शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर. मुलगा झाल्यावर मोशेच्या नियमानं तेही चाळीसच. दोन पारवे किंवा दोन होले, म्हणजे गरिबाचं अर्पण, तिनं दिलं. हे सांगितलं की चिल्ल्यातली मुलगी आणि मरीया एका रांगेत बसतात, आणि आम्हाला ते फार आवडतं. शहाण्या बायका या चाळीस दिवसांना जुनाट म्हणून हसतात; आम्ही हसत नाही. बाळंतिणीला उठू द्यायचं नाही, गरम खायला द्यायचं, अंग चोळायचं, रात्री बाळ दुसरीनं घ्यायचं, यात पुष्कळ शहाणपण आहे. पण हे सगळं चार बायका घरात असल्या तरच. नवरा-बायको जगद्गिरीगुट्ट्याकडे एका खोलीत भाड्यानं राहतात, सासू देगलूरला, आई परभणीला आणि देवगिरी एक्स्प्रेसनं येऊन चार दिवसांत परत गेलेली. अशा घरात सव्वा महिना म्हणजे नुसतं बंद दार. विश्रांतीची चाल एकांतवासात बदलते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आशाताई येते, पण ती तेलुगू बोलते. लस, वजन, कार्ड, सगळं होतं. "कसं वाटतंय" एवढंच कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर उत्तर द्यायला भाषा नसते.

हैदराबादला बाळंतिणींची काळजी नाही असं मुळीच नाही. सातव्या निजामाची सून निलोफर हिच्या सेविकेचा बाळंतपणात मृत्यू झाला, त्या दुःखातून इथलं निलोफर रुग्णालय उभं राहिलं, हे शहरात सगळे जाणतात. २०१७ साली सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्यांना पैसे आणि बाळाच्या वस्तूंची पेटी मिळू लागली. तेव्हा मुलगी झाली तर १३,००० रुपये ठरले होते, मुलगा झाला तर १२,०००. एक हजार जास्त मुलीला, हे ऐकून आमच्या एका सासूबाईंनी तोंडाचा आ केला होता. २०१८ पासून वस्त्यांमध्ये बस्ती दवाखाने आले. शरीर वाचवण्याची मोठी लढाई या शहरानं लढली आहे. मनाचं राहून जातं.

ख्रिस्ती घरांत आणखी एक गाठ असते. बाळ हे देवाचं दान, मग दान मिळाल्यावर रडणारीचा विश्वास कमी पडला, असं बोललं जातं, कधी स्पष्ट, कधी प्रार्थनेच्या आडून. मंडळीपुढे बाळ घेऊन उभं राहायचं आणि आनंदाची साक्ष द्यायची, तेव्हा आतून काहीच वाटत नसलेल्या मुलीनं काय बोलावं? एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता. तो संदेष्टा होता, नुकताच कर्मेलावर अग्नी उतरलेला पाहून आला होता, तरी मरण मागत होता. देवानं त्याला बोल लावला नाही. दूतानं त्याला हात लावून उठवलं, भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो जेवून पुन्हा झोपला, आणि दूतानं पुन्हा उठवून खायला घातलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. तू इथे काय करतोस, हा प्रश्न देवानं त्याला विचारला तो जेवण, झोप आणि चाळीस दिवसांच्या प्रवासानंतर. आम्ही मंडळीतल्या बायकांना हाच क्रम सांगतो. बाळंतिणीकडे जाताना आधी भाकर, मग तिला झोपू द्या, प्रश्न नंतर. ज्यांना प्रार्थना करायची असते पण शब्द सुचत नाहीत, त्यांना अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र दाखवतो. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड येत नाही. असं स्तोत्रही शास्त्रात आहे हे पाहून एक तेलुगू भगिनी म्हणाली, म्हणजे मलाही शास्त्रात जागा आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नाव, गल्ली सांगत नाही; ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. नांदेडकडची मुलगी, दुसरी मुलगी झालेली, नवरा रंगकाम करणारा. ती आमच्या वर्गाला आलीच नव्हती. शेजारची मुस्लिम बाई आली होती, आपल्या सुनेला घेऊन. तिनं एका संध्याकाळी फोन केला, "बाजी, बाजूवाली बच्ची का दिल नै लग रा. रोती बी नै. दो हफ्ते से जास्ती हो गए, मैं गिनी." तिनं दिवस मोजले होते. आमच्या वर्गाचं याहून मोठं फळ आम्हाला माहीत नाही.

आम्ही दोघी गेलो. घर स्वच्छ, बाळ स्वच्छ, मुलगी नीट बसलेली. घरचे म्हणाले, शहाणी आहे, एकदाही रडली नाही. बाळाला दाखवायला नेलं होतं तिथं वजन बघून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं, आणि बाळाचं खरंच ठीक होतं. मराठी ऐकल्यावर तिनं मान वर केली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाळ रडतंय ते ऐकू येतं. पण दुसऱ्याच्या घरात रडतंय असं वाटतं." मग आमच्या परिचारिका भगिनींनी तो दहावा प्रश्न विचारला, सरळ, आवाज न बदलता. आपण नसावं असं मनात येतं का? ती म्हणाली, "रोज." तिच्या नवऱ्यानं ते दारातून ऐकलं आणि मटकन खाली बसला.

त्या रात्री तिला एकटं ठेवलं नाही. शेजारीण तिच्याजवळ झोपली, बाळ शेजारणीच्या सुनेनं सांभाळलं. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन केला. टेली-मानस नावाची ही फुकट सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि वेगवेगळ्या भारतीय भाषांत बोलता येतं. दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेलं. आमच्यातली एक दुभाषी म्हणून आत बसली. डॉक्टरांनी रक्त आणि थायरॉइड तपासायला सांगितलं, कारण अशक्तपणा आणि थायरॉइडमुळेही असं होऊ शकतं. औषध दिलं, अंगावर पाजणं चालू ठेवायला हरकत नाही असं सांगितलं. घरच्यांची सगळ्यांत मोठी भीती वेगळीच होती, वेड्यांच्या दवाखान्यात ठेवतील आणि बाळ काढून घेतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करू नये असं लिहिलं आहे, आणि बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई-बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. हे सांगितल्यावर सासऱ्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

चमत्कार झाला नाही. पहिले पंधरा दिवस तर औषधानं तोंड कोरडं पडतं एवढाच फरक, असं ती म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं कंगवा मागितला. पाचव्या महिन्यात बाळाला दाबून धरून ओरडली, कारण मोठीनं तिला रंगाच्या डब्यात बसवलं होतं. त्या ओरडण्यानं आमच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा रात्री दहा ते दोन बाळ घेऊन गल्लीत फिरायला शिकला. आधी लोक हसले. मग आणखी दोन बाप फिरू लागले.

सगळ्यांचं असं होत नाही. एका ख्रिस्ती घरानं आपल्या सुनेला दवाखान्याऐवजी दुरात्मा काढणाऱ्या सभेला नेलं. आम्ही गुडघ्यांवर बसून विनवलं, दोन्ही करा, प्रार्थनाही आणि औषधही. आता त्यांचा फोन लागत नाही. दर शनिवारी वर्गाआधी आम्ही तिचं नाव देवापुढे ठेवतो.

शिकवून खरंच आजार टळतो का, असं मंडळीच्या पंच कमिटीत विचारलं गेलं, आणि प्रश्न रास्त होता. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनी गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवून खचलेल्या आयांकडे पाठवलं. २००८ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा सेविका ज्यांच्याकडे नेमानं जाऊन ठरलेल्या पद्धतीनं बोलल्या त्यांच्यात २३ टक्के आया अजून आजारी होत्या, बाकीच्यांत ५३ टक्के. त्या सेविका काही मोठ्या शिकलेल्या नव्हत्या. त्या "तुझं मन आजारी आहे" असं सांगत दार ठोठावत नसत. बाळ चांगलं वाढावं म्हणून आलो, असं म्हणत. पुढे हीच पद्धत गोव्यात नेली गेली आणि तिथं शेजारपाजारच्या साध्या बायकांनी ते काम केलं. अमेरिकेतही गरीब आणि परभाषक गरोदर बायकांसाठी असे वर्ग बांधले गेले, आणि २०१९ साली तिथल्या तज्ज्ञांच्या मंडळानं ज्यांना धोका जास्त आहे त्यांना बाळंतपणाआधीच समुपदेशन द्यावं अशी शिफारस केली. तेव्हा, होय, सगळ्यांचं नाही, पण पुष्कळ जणींचं टळतं किंवा लवकर पकडता येतं.

वर्गात आम्ही सगळ्यांत जास्त वेळ झोपेवर घालवतो. सलग चार-पाच तास झोप बाळंतिणीला कोण मिळवून देणार, त्या माणसाचं नाव घ्यायला लावतो. "सगळे करतात" हे उत्तर चालत नाही. सगळे म्हणजे कुणीच नाही. सासूबाईंना पुढच्या रांगेत बसवतो, कारण घर त्या चालवतात आणि त्यांनाही कधी कुणी विचारलेलं नसतं. एक सासूबाई वर्गात अचानक रडू लागल्या, छत्तीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या बाळंतपणासाठी. नवऱ्यांना उत्पत्तीतला याकोब सांगतो. एसाव म्हणतो, चल, बरोबर निघू. याकोब म्हणतो, माझ्याजवळ कोवळी मुलं आहेत, पाजणाऱ्या मेंढ्या आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटलं तर कळप मरेल. तू पुढे हो, मी त्यांच्या चालीनं येतो. मुस्लिम बापांनाही याकूब ओळखीचा आहे, त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांची होते.

जिथं मारहाण आहे तिथं झोपेच्या गोष्टी सांगून भागत नाही. तिथं नवऱ्याला वर्गात बोलावत नाही. बाईला एकटीला गाठून १८१ हा क्रमांक पाठ करायला लावतो, लिहून देत नाही, कारण चिठ्ठी सापडली तर मार वाढतो. या बाबतीत मंडळीनं "संसार आहे, सांभाळून घे" म्हणणं थांबवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि पाळकसाहेबांनाही ते मान्य आहे.

पुढचा वर्ग येत्या शनिवारी दुपारी अडीच वाजता. अकरा जणी येणार आहेत, त्यांतल्या पाच तेलुगू घरांतल्या. आमची तेलुगू बाजारापुरती आहे, मनाबद्दल बोलायला पुरत नाही. म्हणून तेलुगू नीट बोलणारी एखादी भगिनी बुधवारच्या गृहभेटींना येऊ शकली तर पाळकीणबाईंकडे नाव द्यावं. वय कितीही चालेल, मूल झालेलं असलं पाहिजे असंही नाही. डिंकाचे लाडू या वेळी कुर्ला नव्हे तर काचीगुड्याच्या भगिनी करणार आहेत, कारण मुंबईहून आलेला डबा मागच्या वेळी गाडीतच अर्धा झाला होता. डिंक अर्धा किलो जास्त घ्यावा, आणि सासूबाईंसाठी एक डबा वेगळा ठेवावा.